स्पॅनिशच्या वर्गाचा पहिला दिवस: ओळखीचे खेळ, पायरीपायरीने

पहिल्या तासाला आलेल्या नवख्या विद्यार्थ्याला दोन गोष्टींची धास्ती असते. सगळ्यांसमोर एकट्याला उभं करतील ही एक, आणि आपला उच्चार ऐकून कोणी हसेल ही दुसरी. ओळखीचे खेळ ही धास्ती घालवण्यासाठी असतात, पण बऱ्याच वर्गांत नेमकं उलट घडतं. सगळ्यांना गोलात बसवतात, एकेकाला उठवून नाव, गाव, छंद विचारतात, आणि आपली पाळी येईपर्यंत प्रत्येकजण स्वतःचं वाक्य मनात घोकत बसतो. बाकीच्यांची नावं कोणाच्याच कानात शिरत नाहीत.

म्हणून इथल्या सगळ्या खेळांना एकच क्रम लावला आहे: आधी सगळ्यांनी एका सुरात, मग जोडीत, मग लहान गटात. पूर्ण वर्गासमोर एकट्याने बोलणं पहिल्या दिवशी नाहीच. दुसरं पथ्य असं की एका खेळात भाषेचा एकच नवा तुकडा. नाव विचारायचा खेळ असेल तर त्यात वय, देश आणि आवड घुसडायची नाही.

तास संपेल तेव्हा प्रत्येकाने निदान आठ जणांना स्पॅनिशमध्ये नाव सांगितलेलं आणि विचारलेलं असावं, पाच सोबत्यांची नावं लक्षात असावीत, आणि काही समजलं नाही तर ते स्पॅनिशमध्येच सांगता यावं. पहिल्या दिवसासाठी एवढं भरपूर आहे.

पुढचा हिशेब 24 विद्यार्थी, 90 मिनिटं आणि भाषा अजिबात न येणारा वर्ग धरून केला आहे. आधी थोडं शिकलेल्यांचे खेळ शेवटाकडे वेगळे दिले आहेत.

आदल्या दिवशीची तयारी

प्रत्येकासाठी एक ए-फोर आकाराचा जाड कागद घ्या. आडवा धरून त्याला तीन समान घड्या घातल्या की बाकावर उभी राहणारी नावाची पाटी तयार होते. स्केचपेन जाड टोकाचे हवेत. बॉलपेनने लिहिलेलं नाव दोन मीटरवरून वाचता येत नाही आणि मग पाटीचा उपयोगच राहत नाही.

शब्दांच्या कार्डांचे सहा संच लागतील, प्रत्येकी बारा कार्डांचे. एका ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले तर नऊ कागदांत 72 कार्डं होतात. शिवाय तीन मऊ चेंडू (कागदाचा बोळा चिकटपट्टीने गुंडाळला तरी चालतो), घड्याळ, गाणं वाजवायची सोय आणि 24 कोऱ्या चिठ्ठ्या.

खुर्च्या हलत असतील तर मधली जागा मोकळी करून घ्या. बाक जमिनीला पक्के असतील तर गोलाचे खेळ दोन ओळींवर खेळता येतात: पुढच्या बाकावरचे मागे वळतात आणि समोरच्याशी बोलतात. दर मिनिटाला पुढची ओळ एक जागा उजवीकडे सरकली की जोडीदार बदलतो.

दारापासून सुरुवात (5 मिनिटं)

शिक्षकाने फळ्याजवळ न थांबता दारात उभं राहावं. येणाऱ्या प्रत्येकाला 'ओला' म्हणावं आणि वेळेप्रमाणे पुढचं जोडावं: सकाळी 'बुएनोस दिआस', दुपारच्या जेवणानंतर 'बुएनास तार्देस', अंधार पडल्यावर 'बुएनास नोचेस'. अर्थ सांगू नका, तो सगळ्यांना कळतोच. बहुतेक जण आपसूक 'ओला' म्हणून उत्तर देतात आणि आत शिरायच्या आधीच स्पॅनिशचा पहिला शब्द बोलून मोकळे होतात. 'दिआस'ला 'बुएनोस' आणि 'तार्देस'ला 'बुएनास' का, असं कोणी विचारलं तर 'पुढच्या आठवड्यात' एवढंच उत्तर द्या. पहिल्याच पाच मिनिटांत लिंगविचार काढला की तास व्याकरणाकडे वळतो आणि परत येत नाही.

आत आलेल्याने पाटीवर नाव लिहावं, ज्या नावाने हाक मारलेली आवडते तेच. वर्गासाठी प्रत्येकाला एकेक स्पॅनिश नाव वाटून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती पहिल्या दिवशी तरी टाळाच. ओळख करून द्यायची ती माणसाची, आणि उसन्या नावामागे माणूस लपतो. शिवाय दोन-दोन नावं लक्षात ठेवायचं ओझं वाढतं ते वेगळंच. हवं तर एवढं सांगा की रोमन लिपीत लिहिलेलं त्यांचं नाव स्पॅनिश बोलणारा माणूस थोडं वेगळं वाचेल: सुरुवातीचा 'ह' त्याच्या तोंडी गळून पडेल आणि 'ज'च्या जागी घशातून येणारा 'ख' ऐकू येईल. मुलांना याची मोठी गंमत वाटते. नाव मात्र बदलायचं नाही.

ओळखीचे शब्द (15 मिनिटं)

'मला स्पॅनिशचं काहीच येत नाही' ही समजूत मोडायची हा या खेळाचा हेतू. कार्डांवर हे बारा शब्द, आर्टिकलसकट (पुल्लिंगी नामाआधी येतं ते 'एल', स्त्रीलिंगी नामाआधी 'ला'): एल ओतेल, एल ओस्पिताल, एल चोकोलाते, एल तोमाते, एल आनिमाल, एल ताक्सी, एल कोलोर, एल काफे, एल पिआनो, ला गितार्रा, ला मूसिका, ला उनिबेर्सिदाद. कार्डावर अर्थातच स्पॅनिश स्पेलिंग असेल, आणि खरी मजा त्यातच आहे.

1. चार-चार जणांचे सहा गट करा आणि प्रत्येक गटाला एक संच द्या.
2. तीन ढीग करायला सांगा: नक्की कळला, अंदाज आहे, कळला नाही. वेळ तीन मिनिटं. गटात कुठल्याही भाषेत बोलू द्या.
3. आता तुम्ही शब्द सावकाश म्हणा. गटाने ते कार्ड शोधून वर धरायचं. पहिल्या दोन शब्दांना गोंधळ उडतो, कारण कार्डावर सुरुवातीला 'एच' दिसतो आणि कानाला 'ओतेल' ऐकू येतं. उडू द्या. 'ओस्पिताल' आला की वर्गातून कोणीतरी स्वतःच म्हणतं, 'अच्छा, पहिलं अक्षर म्हणायचं नाही.' हा नियम तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी शोधलेला बरा.
4. सगळ्यांनी मिळून शब्द म्हणायचा आणि ज्या भागावर जोर आहे तिथे एक टाळी वाजवायची. ओ-ते-ल नाही, ओ-'तेल'. चोको-'ला'-ते. 'मू'-सिका.
5. शेवटी टाळीच्या जागेप्रमाणे कार्डांचे दोन ढीग करायला सांगा: टाळी शेवटी येते ते, आणि शेवटी येत नाही ते.

शेवटच्या पायरीत एक सुंदर गोष्ट उघड होते. ओतेल, ओस्पिताल, आनिमाल, कोलोर आणि उनिबेर्सिदाद यांचा शेवट व्यंजनाने होतो आणि जोर शेवटावर पडतो. चोकोलाते, तोमाते, पिआनो, गितार्रा आणि ताक्सी यांचा शेवट स्वराने होतो आणि जोर उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, भागावर पडतो. 'काफे' आणि 'मूसिका' या शिस्तीत बसत नाहीत, म्हणून त्यांच्या डोक्यावर तिरकी रेघ आहे. स्वर, 'न' किंवा 'स' शेवटी असेल तर जोर उपान्त्य, एरवी शेवटी, आणि अपवादाला रेघ, असा तो पूर्ण नियम. तो फळ्यावर लिहायची घाई नको. मुलांना ढिगांमध्ये तो दिसला की पुरे.

शब्द निवडताना तीन फसव्या जागा सांभाळा. 'रादिओ' टाळा, कारण स्पेनमध्ये तो बहुधा 'ला' घेतो आणि मेक्सिकोसारख्या देशांत 'एल'. 'मापा' आणि 'प्रोब्लेमा' टाळा, कारण शेवट 'आ' असूनही ते 'एल' घेतात आणि कोणीतरी तेवढ्यावर अडून बसतं. आणि ओळखीचा चेहरा घेऊन फसवणारे शब्द तर अजिबात नकोत: 'रोपा' म्हणजे दोर नव्हे, कपडे, 'कार्पेता' म्हणजे गालिचा नव्हे, फाइल ठेवायचं कव्हर, 'लिब्रेरिआ' म्हणजे वाचनालय नव्हे, पुस्तकांचं दुकान. हे महिनाभराने मजेचे वाटतात. पहिल्या दिवशी, नुकताच आलेला आत्मविश्वास ते काढून घेतात.

नाव सांगा, नाव विचारा (20 मिनिटं)

हा तासाचा कणा आहे. वेळ कमी पडला तर बाकी काहीही कापा, हा भाग कापू नका.

वाक्यं तीनच: 'मे यामो' (माझं नाव) आणि पुढे आपलं नाव, मग 'कोमो ते यामास?' (तुझं नाव काय?), आणि शेवटी 'मूचो गूस्तो' (भेटून आनंद झाला).

आधी उच्चार बसवा. लांब प्रश्न सुरुवातीपासून म्हणायला लावला की विद्यार्थी मध्येच अडखळतात आणि चाल तुटते. तो शेवटाकडून बांधा. आधी फक्त 'यामास', दोनदा. मग 'ते यामास', दोनदा. मग पूर्ण 'कोमो ते यामास?'. असं केलं की प्रत्येक वेळी वाक्याचा शेवट ओळखीचा राहतो आणि प्रश्नाचा सूर टिकतो. पूर्ण वाक्य एकदा मोठ्याने, एकदा कुजबुजत, एकदा झोपाळल्या आवाजात, एकदा रागावून म्हणून घ्या. चार वेळा घोकलंय हे कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि घोळक्याच्या आवाजात चुकलेला उच्चार कोणाला ऐकू जात नाही.

मग चेंडू.

1. आठ-आठ जणांचे तीन गोल करा. सगळे उभे.
2. ज्याच्या हातात चेंडू आहे तो 'ओला, मे यामो अमुक' म्हणतो, कोणाकडे तरी बघतो, 'कोमो ते यामास?' विचारतो आणि मगच चेंडू टाकतो. आधी नजर, मग प्रश्न, मग चेंडू. हा क्रम स्वतः दोनदा करून दाखवा.
3. झेलणारा 'मे यामो तमुक, मूचो गूस्तो' म्हणतो आणि पुढच्या कोणाला तरी विचारतो.
4. तीन मिनिटांनी नियम बदला. आता चेंडू टाकायच्या आधी समोरच्याचं नाव घ्यायचं. आठवलं नाही तर पुन्हा 'कोमो ते यामास?' विचारायचं. इथे प्रश्न खरा होतो, कारण विचारणाऱ्याला उत्तर खरंच हवं असतं.
5. पुढच्या तीन मिनिटांसाठी प्रत्येक गोलातले चार जण उठून शेजारच्या गोलात जातात आणि पुन्हा पहिल्या नियमाने सुरुवात.

एकच मोठा गोल का नको, त्याचं गणित सोपं आहे. एका पाळीला दहा सेकंद धरले तर 24 जणांची एक फेरी चार मिनिटं चालते, आणि त्यात प्रत्येकजण एकदाच बोलतो. तीन गोल केले की त्याच चार मिनिटांत प्रत्येकाला तीनदा बोलायला मिळतं, आणि आठ जणांसमोर बोलताना कोणाचा घसा कोरडा पडत नाही.

इथे हमखास येणारी चूक म्हणजे 'मि यामो एस अमुक'. ती बहुधा दोन वाक्यांची सरमिसळ असते: 'मे यामो अमुक' आणि 'मि नोम्ब्रे एस अमुक'. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण एकाच दिवशी शिकवली की त्यांची खिचडी होते आणि ती पुढे कित्येक महिने निघत नाही. म्हणून पहिल्या दिवशी फक्त 'मे यामो'. चूक ऐकली तर थांबवून दुरुस्त करू नका. त्या गोलात शिरा, चेंडू मागून घ्या आणि स्वतःचं नाव ठळकपणे बरोबर सांगा.

'मूचो गूस्तो'ऐवजी बरीच पुस्तकं 'एन्कान्तादो' देतात. त्यात बोलणारी स्त्री असेल तर 'एन्कान्तादा' म्हणावं लागतं. 'मूचो गूस्तो' सगळ्यांना सारखंच चालतं, म्हणून पहिल्या दिवशी तेच सोयीचं.

दुसरा प्रश्न नेहमी येतो तो 'तू'-'तुम्ही'चा. वर्गमित्र एकमेकांना 'तू' म्हणणार, म्हणून 'कोमो ते यामास'. आदरार्थी 'कोमो से यामा उस्तेद' आहे एवढं तोंडी सांगून पुढे सरका. कोणी अर्जेंटिनातल्या ओळखीच्या माणसाकडून 'कोमो ते यामास' शेवटच्या भागावर जोर देऊन ऐकलं असेल, तर तेही बरोबर आहे. तिथे 'तू'ऐवजी 'बोस' चालतं आणि 'य'चा उच्चारही 'श'कडे झुकतो.

गाणं थांबलं की (10 मिनिटं)

आता सगळे गोल मोडा. एखादं स्पॅनिश गाणं लावा आणि सगळ्यांना वर्गभर फिरायला सांगा. गाणं थांबलं की जवळच्या माणसाशी पूर्ण संवाद: ओला, मे यामो, कोमो ते यामास, मूचो गूस्तो, आदिओस. पहिल्यांदा गाणं 20 सेकंद वाजू द्या, नंतर दहाच. बोलायला 30 सेकंद पुरतात. दहा मिनिटांत आठ जोड्या सहज होतात. वर्गात विषम संख्या असेल तर तुम्हीच खेळात उतरा. तिघांचा गट केला की एकजण हमखास मुका राहतो.

हस्तांदोलन, नमस्कार, नुसती मान डोलावणं, ज्याला जे सोयीचं ते. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत गालाला गाल लावून भेटण्याची रीत ठिकाणाप्रमाणे बदलते. ती माहिती म्हणून नंतर कधीतरी सांगावी, खेळ म्हणून करायला लावू नये.

फिरताना पाट्या बाकावरच ठेवायच्या, हे महत्त्वाचं. छातीवर नाव चिकटवलेलं असेल तर विचारायची गरजच उरत नाही आणि सगळा संवाद खोटा होतो.

मुद्दाम भरधाव (10 मिनिटं)

ओळखीच्या खेळांत हा सहसा नसतो, पण भीती घालवायला याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. चार वाक्यं फळ्याच्या कडेला कायमची लिहून ठेवा: 'नो एन्तिएन्दो' (समजलं नाही), 'मास देस्पासिओ, पोर फाबोर' (जरा सावकाश), 'ओत्रा बेस, पोर फाबोर' (पुन्हा एकदा), 'कोमो से दीसे...?' (याला काय म्हणतात?).

चारही एका सुरात म्हणून घेतली की शिक्षकाने अचानक, अगदी सहज गप्पा मारल्यासारखं, भरभर स्पॅनिश बोलायला लागावं. वर्गाने त्यांना थांबवायचं, पण फक्त या वाक्यांनी. 'मास देस्पासिओ' आलं की लगेच, दिसेल इतका वेग कमी करा. 'ओत्रा बेस' आलं की तेच वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणा. विद्यार्थ्यांच्या शब्दाने शिक्षक खरोखर थांबतो, हे दिसलं की खोलीतली हवाच बदलते. मग जोडीत: एकाने आपल्या भाषेत सुसाट बोलायचं, दुसऱ्याने स्पॅनिशमध्ये थांबवायचं. 'कोमो से दीसे'साठी वर्गातली एकेक वस्तू दाखवून विचारू द्या. दिलेली उत्तरं लक्षात राहावीत अशी अपेक्षा नको.

आवडीचे चार कोपरे आणि नऊ चौकोन (20 मिनिटं)

तास 60 मिनिटांचाच असेल तर हा भाग दुसऱ्या दिवसावर ढकला.

खोलीच्या चार कोपऱ्यांत चार पाट्या लावा: 'मे गूस्ता मूचो' (मला खूप आवडतं), 'मे गूस्ता' (आवडतं), 'नो मे गूस्ता' (आवडत नाही), 'नो मे गूस्ता नादा' (अजिबात आवडत नाही). तुम्ही 'एल चोकोलाते' म्हणालात की प्रत्येकाने आपल्या कोपऱ्यात जायचं आणि तिथे भेटलेल्या सगळ्यांनी मिळून पाटीवरचं वाक्य पूर्ण म्हणायचं. सहा शब्द पुरेत: एल चोकोलाते, एल काफे, एल तोमाते, ला मूसिका, एल फूत्बोल, बाइलार (नाचणं). शेवटचा शब्द क्रियापद असला तरी वाक्यात काहीच बदलत नाही, हे मुलं आपोआप स्वीकारतात.

नवख्या शिक्षकांची इथे दोन ठिकाणी चूक होते. एक, अनेकवचनी शब्द देणं. 'लोस आनिमालेस' म्हटलं की 'गूस्ता'चं 'गूस्तान' करावं लागतं आणि एक तुकड्याचं पथ्य मोडतं. दुसरी, आर्टिकल गाळणं. 'मे गूस्ता चोकोलाते' ही चूक रुळली की काढायला जड जाते, म्हणूनच कार्डांवर पहिल्यापासून 'एल' आणि 'ला' छापायचे.

कोपरे झाले की प्रत्येकाला तीन गुणिले तीन चौकोनांचा कागद द्या. आठ चौकोनांत एकेक गोष्ट लिहिलेली, मधला रिकामा. त्यात विद्यार्थ्याने स्वतःची आवड भरायची. आता फिरून विचारायचं: 'ते गूस्ता एल काफे?' उत्तर 'सी, मे गूस्ता' आलं तर त्या माणसाचं नाव त्या चौकोनात. नाव माहीत नसेल तर 'कोमो ते यामास?' पुन्हा कामाला येतं. 'नो, नो मे गूस्ता' आलं तर दुसऱ्या माणसाकडे जायचं. एक नाव एकदाच वापरायचं, आणि एका माणसाला लागोपाठ दोन प्रश्न विचारायचे नाहीत. हा दुसरा नियम नसेल तर मित्र-मित्र एका जागी बसून सगळा कागद भरून टाकतात. एका ओळीतले तीन चौकोन आधी भरणाऱ्याला विजेता ठरवलं तर खेळ दोन मिनिटांत आटोपतो, म्हणून दहा मिनिटं होईपर्यंत सगळे चौकोन भरू द्या.

लहान मुलांचा वर्ग असेल तर

दहा वर्षांखालची मुलं जोडीतल्या संवादाला लवकर कंटाळतात. त्यांच्यासाठी मधे-मधे आज्ञांचा खेळ घ्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी मांडलेली 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत याच तत्त्वावर चालते: आधी ऐकून अंगाने उत्तर द्या, बोलणं मागाहून येईल. सहा आज्ञा घ्या: लेबान्तेन्से (उभे राहा), सिएन्तेन्से (बसा), कामिनेन (चाला), पारेन (थांबा), साल्तेन (उडी मारा), खिरेन (गोल फिरा). आधी दोनच, करून दाखवत. त्या पक्क्या झाल्या की तिसरी. शेवटी तुम्ही स्वतः काहीही न करता फक्त तोंडाने सांगा. स्पेनमध्ये मुलांना 'लेबान्ताओस', 'सेन्ताओस' म्हणतात. तुमचं पुस्तक ज्या प्रदेशाचं असेल ते रूप धरा आणि मधे बदलू नका. चुकेल तो बाद, असं करू नका. बाद होतात ती बहुतेक अशीच मुलं, ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज असते.

आधी थोडं शिकलेला वर्ग

इथे 'मे यामो'चा चेंडू फार बाळबोध वाटतो. तीन खेळ चांगले चालतात.

पहिला, उत्तरांवरून प्रश्न. शिक्षकाने स्वतःबद्दलची सहा उत्तरं फळ्यावर लिहावीत: एक रंग, एक आकडा, एक नाव, एक शहर, एक पदार्थ, एक क्रियापद. गटांनी ती कोणत्या प्रश्नांची उत्तरं आहेत ते ओळखायचं. 'आसुल' (निळा) दिसलं तर 'कुआल एस तु कोलोर फाबोरितो?' (तुझा आवडता रंग कोणता?). नंतर प्रत्येकाने स्वतःची चार उत्तरं लिहून जोडीदाराला द्यायची. कोणाला प्रश्न किती बनवता येतात हे दहा मिनिटांत कळतं, आणि पुढच्या महिन्याची आखणी त्यावरून करता येते.

दुसरा, दोन खरं एक खोटं: प्रत्येकाने स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची आणि त्यातलं खोटं कोणतं ते बाकीच्यांनी ओळखायचं. याचा नेहमीचा फज्जा असा की लोक भूतकाळात बोलायला जातात आणि क्रियापदात अडकतात. म्हणून वाक्यांची सुरुवात ठरवून द्या: 'तेन्गो...' (माझ्याकडे आहे), 'बीबो...' (मी राहतो), 'आब्लो...' (मी बोलतो), 'मे गूस्ता...'. आणि ऐकणाऱ्यांनी लगेच मत द्यायचं नाही. आधी निदान तीन प्रश्न विचारायचे. प्रश्नांशिवाय हा खेळ दीड मिनिटात संपतो. विशेषण वापरायचं असेल तर स्त्री-पुरुषांना सारखंच चालणारं सुचवा: इन्तेलिखेन्ते, ओप्तिमिस्ता, पासिएन्ते, पून्तुआल.

तिसरा, वाढदिवसाची रांग. सगळ्यांनी 'कुआन्दो एस तु कुम्प्लेआन्योस?' विचारत जानेवारी ते डिसेंबर अशी रांग लावायची. वर्ष विचारायचं नाही. मोठ्या माणसांच्या वर्गात वय हा विषय नकोच, आणि नवख्यांच्या वर्गात तर वय सांगताना 'तेन्गो' ऐवजी 'सोय' (मी आहे) वापरायची चूक त्यातूनच रुजते.

एकाच वर्गात नवखे आणि शिकलेले मिसळलेले असतील तर शिकलेल्यांना एकत्र बसवू नका. प्रत्येक गटात एकजण टाका आणि त्याला विचारणाऱ्याची भूमिका द्या. नवख्यांनी फक्त उत्तरं द्यायची.

देवनागरीत लिहून द्यावं का

स्पॅनिशचे पाच स्वर देवनागरीत बरेच जवळून पकडता येतात. 'त' आणि 'द' दातांना जीभ लावूनच म्हणतात, 'प' आणि 'क' मराठीसारखेच हवा न सोडता. त्यामुळे पहिल्या तासाला तीन-चार वाक्यं देवनागरीत लिहिली तर उच्चार बिघडण्याऐवजी सुधारतात. इंग्रजीच्या सवयीने 'त'चा 'ट' करणारा विद्यार्थी देवनागरी बघून लगेच सुधारतो. मात्र स्पॅनिश स्पेलिंग नेहमी वर आणि मोठं असू द्या, देवनागरी खाली आणि लहान, आणि दुसऱ्या आठवड्यात ती पुसून टाका. नाहीतर डोळे खालच्या ओळीवरच राहतात.

ऑनलाइन वर्ग

एकसुरातला सराव माइक बंद ठेवून घ्या. आवाज एकमेकांवर आदळले की काहीच कळत नाही. तोंडं हलताना दिसली की पुरे. जोड्यांऐवजी तिघा-तिघांच्या खोल्या करा, कारण एखाद्याचं नेट गेलं तरी दोघे बोलत राहतात. दर चार मिनिटांनी खोल्या बदला. चेंडू म्हणजे पुढच्याचं नाव घेणं. पडद्यावर सगळ्यांची नावं दिसतात, म्हणून पहिल्या फेरीपुरती ती तात्पुरती बदलून आकडे ठेवायला सांगा.

बाहेर पडायची चिठ्ठी (5 मिनिटं)

शेवटच्या पाच मिनिटांत कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. प्रत्येकाने आठवतील तितकी सोबत्यांची नावं आणि आज सगळ्यात आवडलेला एक स्पॅनिश शब्द लिहायचा. स्पेलिंग चुकलं तर चालेल. मग शिक्षक पुन्हा दारात. जाताना प्रत्येकाने मागच्याकडे हात दाखवून 'एया से यामा...' (तिचं नाव...) किंवा 'एल से यामा...' (त्याचं नाव...) म्हणायचं, चिठ्ठी द्यायची आणि 'आस्ता मान्याना' (उद्या भेटू) म्हणून निघायचं. तास दुसऱ्या दिवशी नसेल तर 'आस्ता लुएगो' (नंतर भेटू). 'से यामा' हा नवा तुकडा आहे, पण 'यामो' आणि 'यामास' तोंडात घोळलेले असल्यामुळे तो सहज जमतो. कोणी अडलाच तर हळूच सांगा आणि जाऊ द्या.

चिठ्ठ्या त्याच दिवशी चाळा. ज्याचं नाव एकाही चिठ्ठीवर नाही तो विद्यार्थी शोधा, आणि दुसऱ्या तासाला गट पाडताना त्याला सर्वात बोलक्या गटात बसवा. निम्म्या वर्गाने तीनच नावं लिहिली असतील तर दुसऱ्या तासाची पहिली दहा मिनिटं पुन्हा चेंडूला द्या.